ऐरोलीत नोकरी लागली, बिऱ्हाड कुठे टाकू?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सांगलीचे, विश्रामबागेत राहतो. ऐरोली स्टेशनाजवळच्या आयटी पार्कात नोकरी लागली आहे, तीन आठवड्यांत हजर व्हायचंय. आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. महिन्यातले दोन आठवडे दुपारी २ ते रात्री ११ अशी पाळी. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, ती ठाण्याला किंवा वाशीला नोकरी बघणार. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. आई ६८, गुडघे आणि बीपी. चौघांचं बिऱ्हाड, दोन बेडरूम. भाडं मेंटेनन्ससकट ३५ हजारांच्या आत बसवायचंय.

एजंटांनी आठवड्याभरात ऐरोली, घणसोली, घोडबंदर, मुलुंड पूर्व आणि खारघर असं सगळीकडचं दाखवलं, तेही फोटोत. सगळ्या फोटोंत तोच पांढरा सोफा. डोंबिवलीला मावसभाऊ आहे, तो म्हणतो "इकडेच ये, आपली माणसं आहेत."

बायकोचा एकच प्रश्न आहे: एरिया सेफ आहे का? एजंटला विचारलं तर तो "एकदम फॅमिली एरिया सर" म्हणतो, मग ती जागा कुठलीही असो. आईची अट एकच, तळमजला नको. २०१९चा पूर बघितलाय, अजूनही पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी विचारल्याशिवाय झोपत नाही ती.

तर सुरक्षित म्हणजे बघायचं काय, आणि कुठे? तिथे राहणाऱ्यांनी सांगा.

सेक्टरवासी
ऐरोलीत २००३ पासून राहतोय, म्हणजे ठाणे-वाशी लोकल सुरू व्हायच्या आधीपासून (ती नोव्हेंबर २००४ला आली). तेव्हा ठाण्याहून रात्री परतायचं म्हणजे बसच्या दांड्याला लोंबकळत विटाव्याच्या पुलाखालून यायचं.

थेट सांगतो, ऐरोलीतच घ्या. तुमची पाळी रात्री ११ला संपते. ११ला संपून ११.२०ला घरी पोचणारा माणूस आणि साडेबाराला पोचणारा माणूस, यांची तुलनाच नको. लोक एरियाची गुन्हेगारी विचारतात, रस्त्यात किती वेळ जातो ते विचारत नाहीत.

पाण्याचं सुख आहे. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, खालापूरकडचं मोरबे. उन्हाळ्यात कपात होते कधीमधी, पण टँकरसाठी बादली घेऊन उभं राहिलोय असं इतक्या वर्षांत आठवत नाही. आईंसाठी पालिकेचं राजमाता जिजाऊ रुग्णालय ऐरोलीतच आहे. मुलीसाठी सेक्टर १५चं बाबासाहेब आंबेडकर स्मारक नक्की बघा, आतलं ग्रंथालय पाहण्यासारखं आहे.

तोटा एकच. डास. खाडी लागून आहे, कांदळवन आहे. फ्लेमिंगो बघायला लोक लांबून येतात, डास बघायला कुठे जावं लागत नाही.

मुलुंडची माई
कृष्णाकाठ, बाळा, मुलुंड पूर्वेचा विचार सोडू नकोस. मी इथे ३५ वर्षं आहे. शाळा, दवाखाने, भाजी सगळं चालत्या अंतरावर. ऐरोली पूल ओलांडला की तुझं ऑफिस. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल बंद झालाय, त्यात ऐरोलीचा नाकाही आला. बस आहेत, रिक्षाही पलीकडे जातात. आई माझ्याच वयाची दिसतेय, तिला इथे पटकन मैत्रिणी मिळतील. संध्याकाळी आमचा कट्टा असतो.

वांगीभरीत
माई, मुलुंडात ३५ हजारांत दोन बेडरूम? जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मिळेल, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे विसरलात.

आणि एक कडू गोष्ट. मुलुंड काय, ठाणे काय, काही सोसायट्यांत "मांसाहार चालत नाही" असं तोंडी सांगतात. लेखी कोणी देत नाही. आम्हाला टोकन दिल्यावर कळलं. एजंट म्हणाला, "खिडक्या लावून करा ना." रविवारी खिडक्या लावून मटण शिजवायचं? सांगलीच्या माणसाने हे आधीच विचारून घ्यावं.

कृष्णाकाठ
@वांगीभरीत, हे बरं सांगितलंत. आमच्याकडे बुधवार-रविवार ठरलेला आहे. खिडकी उघडी ठेवूनच.
@माई, धन्यवाद. लिफ्टचं मात्र खरं आहे, आई दुसऱ्या मजल्यावर टेकते.

सात_बावन्न
डोंबिवली. वीस वर्षं. मी माझ्या गावाची बदनामी करत नाही, फडके रोडवरची दिवाळी पहाट सोडून मी कुठे जाणार नाही. पण तुम्ही येऊ नका.

डोंबिवलीहून ठाणे, ठाण्याला पूल चढून ९ किंवा १० नंबर फलाट, तिथून ऐरोली. नुसती गाडीतली मिनिटं मोजली तर पाऊण तासही होत नाही. पण घरातून निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंत सव्वा तास धरा, तेही गाडीत शिरता आलं तर. ९ जून २०२५ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या, दारातली माणसं खाली पडली, चार जण त्याच दिवशी गेले. ती चोरी-दरोड्याच्या एरियातली माणसं नव्हती, कामावर निघालेली होती. मी दुसऱ्या दिवशी तीच गाडी पकडली, तशीच, दारात.

तुमच्या मावसभावाला राग येईल. येऊ द्या. रविवारी जेवायला जा त्याच्याकडे.

अनामिक कावळा
सात_बावन्न +१००

कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग झाला असता तर कल्याणकडच्या लोकांचं ठाण्याला उतरणंच वाचलं असतं. पहिला टप्पा म्हणून दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये उघडलं. दुसऱ्या टप्प्याचं घोडं झोपड्यांच्या पुनर्वसनात पेंड खातंय. "होणार आहे" या भरवशावर घर घेऊ नये हे आम्ही घेऊन शिकलो.

सौ. ओवी
मी बायकांच्या बाजूने लिहिते, कारण प्रश्न मुळात वहिनींचा आहे आणि आतापर्यंत उत्तरं सगळी पुरुषांची (माई सोडून).

मी वाशीला नोकरी करते, घणसोलीत राहते, रात्री साडेनऊची गाडी पकडते. "एरिया सेफ आहे का" याचं माझं माप ठरलेलं आहे: स्टेशनच्या पायऱ्या उतरल्यापासून आमच्या गेटपर्यंत किती दुकानं उघडी असतात. आधी आम्ही एका नव्या, चकचकीत कॉम्प्लेक्समध्ये होतो. जिम, तलाव, कॅमेरे सगळं. पण स्टेशनपासून गेटपर्यंतचा रस्ता रिकाम्या प्लॉटांच्या मधून. एका बाजूला पत्रे, दुसऱ्या बाजूला झुडपं. रिक्षावाला नाही म्हणाला की बारा मिनिटं चालायचं, आणि त्या बारा मिनिटांत एकही उघडं शटर नाही. काही झालं नाही कधी. पण रोज किल्ली मुठीत धरून चालायचे.

आता साध्या सिडको (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) वसाहतीत आहोत. खाली मेडिकल, वडापाव, इस्त्रीवाला, गिरणी. इस्त्रीवाले काका रात्री दहापर्यंत असतात. पावसाळ्यात एकदा उशीर झाला तर त्यांनीच माझ्या नवऱ्याला विचारलं, "मॅडम आल्या नाहीत अजून?" कॅमेऱ्याने कधी विचारलं नव्हतं.

वहिनींच्या नोकरीबद्दल आणखी एक. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते आणि घरी सोडायची व्यवस्था मालकाने करायची असते. मुलाखतीतच विचारा. लाजू नका.

कृष्णाकाठ
ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. तिने फोन हातातून घेतला आणि परत एकदा स्वतः वाचला.

वेताळटेकडी
(पुणेकर, पण आठ वर्षं घोडबंदरला काढली आहेत.)

घोडबंदरचा पांढरा सोफा मीपण बघितलाय. घरं खरंच छान आहेत, खिडकीतून डोंगर दिसतो. पण कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायलाच माझा दिवसाचा उत्साह संपायचा. वर मेट्रो ४चे खांब, खाली खड्डे, पुढे गायमुखचा घाट तुंबला की मागे सगळं तुंबतं. सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये टँकरचा खर्च वेगळा दाखवतात का ते विचारा. आमच्याकडे उन्हाळ्यात तो आकडा बघून सभेत भांडणं व्हायची.

पुण्यात तरी काय वेगळं आहे म्हणा.

अनामिक कावळा
पुणेकराने कबूल केलं! धाग्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

कागदपत्र-काका
जागा कुठलीही निवडा, कागद आधी बघा. सुरक्षिततेच्या गप्पांत इमारत स्वतः सुरक्षित आहे का हे कोणी विचारत नाही. ते पहिलं.

नवी मुंबईत तीन प्रकारची घरं दाखवतील. एक, सिडकोने बांधलेली किंवा सिडकोच्या भूखंडावर रीतसर बांधलेली. दोन, गावठाणातल्या आणि गावठाणाला चिकटलेल्या जागेतल्या इमारती. तीन, माथाडी वगैरेंसाठी दिलेली बैठी घरं, त्यांच्यावर नंतर चढवलेले मजले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात भाडं कमी असतं आणि त्याला कारण असतं. सगळ्याच वाईट असतात असं नाही, मी स्वतः गोठिवलीत पाच वर्षं सुखात राहिलो. पण भोगवटा प्रमाणपत्र (इमारत मंजुरीप्रमाणे बांधली आहे, राहायला हरकत नाही असा दाखला) मागा. ते दाखवताना सेक्रेटरीने विषय बदलला तर तुम्ही एजंट बदला.

जुलै २०२४ मध्ये बेलापूरच्या शहाबाज गावात पहाटे इमारत कोसळली, तिघे गेले. इमारत काही पन्नास वर्षांची नव्हती. आणि दिघ्याच्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण आठवत असेल, २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने पाडायला सांगितल्या होत्या. त्यात भाडेकरूही रस्त्यावर आले. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. आपली इमारत त्यात नाही ना, हे दोन मिनिटांचं काम आहे.

भाडेकरार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवायची जबाबदारी मालकाची. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्का, पालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. घरी बसून ऑनलाइन होतं. मालक "नोटरी करून टाकू, स्वस्तात होईल" म्हणाला तर ठाम नाही म्हणा. त्या नोटरीच्या कागदावर पुढे शाळेत पत्ता सिद्ध करताना घाम फुटतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांत अर्ज करणाऱ्यांनाही भाडेकरार नोंदवलेलाच लागतो.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देणं हेही मालकाचं काम. त्याची पोच तुम्हीही मागून ठेवा.

कृष्णाकाठ
काका, हे छापून घेतलं. एक शंका. एका सोसायटीने "भाडेकरू शुल्क" म्हणून दरमहा वेगळे तीन हजार सांगितलेत. हे असतं का?

कागदपत्र-काका
असतं, पण इतकं नसतं, आणि तुमच्याकडून नसतं. त्याला बिनभोगवटा शुल्क म्हणतात, मालकाने सोसायटीला द्यायचं. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, २००१चा शासनाचा आदेश आहे. तीन हजार यायला सेवाशुल्क ३० हजार पाहिजे. मालकालाच विचारा, राजवाड्यात राहता का म्हणून.

खारघरचा वारा
कोणीच खारघर म्हणत नाही म्हणून लिहितो. रुंद रस्ते, मोठं सेंट्रल पार्क, पावसात समोरचे डोंगर. मुलांना सायकल चालवायला जागा आहे हो! बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे. ठाणे-पनवेल गाडीने ऐरोलीला थेट येता येतं, गाडी बदलावी लागत नाही.

सेक्टरवासी
वारा, सगळं खरं. पण रात्री ११ला पाळी सुटल्यावर त्या माणसाने अर्धा-पाऊण तास गाडीत बसून, वर खारघर स्टेशनाहून आत सेक्टर पस्तीस-बिस्तीसला रिक्षा शोधायची? आणि पाण्याचं बोला की. मोरबे आमचं, तुमच्याकडे सिडकोचं हेटवणे. मे महिन्यातले तुमच्याकडचे मोर्चे आम्ही पेपरात बघतो.

खारघरचा वारा
मे महिन्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय आमचं.

प्रकाटाआ
प्रतिसाद काढून टाकला आहे.

माथाडीपुत्र
वरच्या गाळलेल्या प्रतिसादात कोणीतरी घणसोली-कोपरखैरण्याला "तसली वस्ती" म्हटलं होतं. काढला ते बरं झालं, पण मी वाचलाय.

माझे वडील पाटणहून आले, मार्केटात कांद्याच्या गोणी उचलल्या. आम्ही त्या माथाडी वसाहतीत वाढलो. सातारा-सांगली-कोल्हापूरची माणसं आहेत तिथे. कोणाच्या घरी कोणाचं पोरगं जेवतंय हे बघायची पद्धत नाही. गावच्या जत्रेला बस भरून निघते. कृष्णाकाठ, तुमच्या आईला भाषेचा सूर कानावर पडेल, तिला परगावी आल्यासारखं वाटणार नाही.

उणं आहे ते पण सांगतो, लपवत नाही. कोपरखैरण्यात लहान घरांवर मजले चढलेत, गल्ल्या त्याच राहिल्या. पार्किंग नाही. रात्री अग्निशमनची गाडी आत कशी येईल हा प्रश्न मला स्वतःला पडतो. आणि एमआयडीसी शेजारी आहे, हिवाळ्यात रात्री उशिरा वास येतो. गोड, रसायनासारखा. नाकाला सवय होते म्हणतात, माझ्या पोरीला झाली नाही. तिला दमा आहे. तुमच्याकडे लहान मूल आहे म्हणून सांगितलं. खिडकी उघडी ठेवून रात्री अकरानंतर एकदा उभे राहा, मगच ठरवा.

सौ. ओवी
माथाडीपुत्र, वासाचं अगदी खरं. घणसोलीत आमच्या बाजूला कमी आहे, पण वारा फिरला की येतोच.

वांगीभरीत
शाळेचं कोणी बोललंच नाही. मुलगी पहिलीत आहे आणि वर्ष अर्ध्यात आलंय.

घर ठरवायच्या आधी शाळेत जागा आहे का ते बघा, उलटं करू नका. आम्ही उलटं केलं. सुंदर घर मिळालं, शाळा मिळाली ती सहा किलोमीटरवर. लेक पावणेसातला बसमध्ये बसायची आणि दुपारी अडीचला डोळे मिटत उतरायची. बसचं भाडं वेगळंच. शाळेच्या बसमध्ये मदतनीस बाई आहे का हे स्वतः डोळ्यांनी बघा, नियमात आहे तरी. आमच्या बसमध्ये "ताई" म्हणून जी होती ती शनिवारी यायचीच नाही. शाळेला सांगितलं तर म्हणाले बस आमची नाही, बसवाल्याला सांगितलं तर म्हणाला शाळेने सांगितलं नाही.

महापालिकेच्या शाळाही बघा. नाकं मुरडू नका. नवी मुंबई पालिकेच्या सीबीएसई शाळा आहेत, तिथे प्रवेशासाठी गर्दी असते.

मुलुंडची माई
मराठी माध्यमाचं बघ रे बाळा जमलं तर.

वांगीभरीत
माई, त्यावर वेगळा धागा काढा. हा ५०० प्रतिसादांवर जाईल.

कृष्णाकाठ
मंडळी, अपडेट. शनिवारी रात्रीच्या बसने आलो, रविवार-सोमवार राहिलो. डोंबिवलीला मावसभावाकडे मुक्काम. (तो खरंच रागावला. मग जेवायला वाढलं.)

रविवारी सकाळी एजंटांबरोबर सहा घरं बघितली. सगळी छान वाटली. रविवारी सकाळी सगळंच छान वाटतं, रस्ते मोकळे, माणसं आंघोळ करून खाली आलेली. मग तुमचं ऐकून ती सहाच्या सहा घरं एजंटला न सांगता सोमवारी रात्री परत बघितली. म्हणजे आतून नाही, गेटपर्यंत. साडेआठ ते सव्वाअकरा.

दोन तिथेच बाद झाली. एका ठिकाणी ओवीताईंचा पत्र्याचा रस्ता जसाच्या तसा. बायकोला व्हिडिओ कॉल लावून चालत गेलो, ती म्हणाली "थांब, परत फिर, बघवत नाही." दुसऱ्या ठिकाणी गेटवर वॉचमन नव्हता. होता, पण शेजारच्या टपरीवर. वही उघडी होती, मी स्वतःच माझं नाव लिहिलं, वेळ टाकली आणि लिफ्टपर्यंत जाऊन आलो. कोणी विचारलं नाही. वहीत माझ्या आधीची नोंद तीन दिवसांपूर्वीची होती.

घणसोलीचं एक मनात भरलं होतं. खाली गिरणी, भाजीवाली कराडकडची, आईशी फोनवर बोललीसुद्धा, "या की मावशी" म्हणाली. पण अकराला खिडकीखाली उभा राहिलो आणि माथाडीपुत्र म्हणाले तो वास आला. मंद होता. मुलीला आधीच सर्दीचा त्रास आहे, बायको लॅबमध्ये काम करते, तिने फोनवरच ठरवून टाकलं.

ऐरोलीत एक घर आहे, जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट आहे (लहान, खडखडते). पांढरा सोफा नाही, काहीच नाही, नुसता ट्यूबलाइट. पण रात्री पावणेदहाला समोरच्या बागेत पोरं लंगडी खेळत होती आणि तीन आज्या बाकावर बसून त्यांच्यावर ओरडत होत्या. स्टेशनाहून शेअर रिक्षाची रांग सव्वाअकरालाही होती, त्यात चार बायका मोजल्या. भाडं माझ्या आकड्याच्या दीड हजार वर जातंय.

सेक्टरवासी
घ्या! दीड हजार रिक्षा-पेट्रोलात वाचतील. लिफ्टची देखभाल कोणाकडे आहे विचारा आणि परवाना बघा, आत लावलेला असतो. वीज गेल्यावर ती मधेच अडकते का, का खाली येते, तेही विचारा. आईंसाठी.

कागदपत्र-काका
भोगवटा प्रमाणपत्र?

कृष्णाकाठ
@काका, सेक्रेटरींनी कपाटातून काढून दाखवलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. म्हणाले, "वीस वर्षांत तुम्ही दुसरे विचारणारे." भाडेकराराची ऑनलाइन नोंदणी गुरुवारी आहे. बिनभोगवटा शुल्क मालक भरतो, मी विचारायच्या आधीच म्हणाला.

@सेक्टरवासी, लिफ्टचं विचारलं. खाली येते म्हणाले. मी म्हटलं दाखवा. सेक्रेटरी हसले, पण मेन स्विच पाडून दाखवला. आली खाली. आत एक आजोबा होते, ते मात्र हसले नाहीत.

@वांगीभरीत, शाळा दोन बघितल्या. एकीत पहिलीला जागा नाही, दुसरीत एक आहे, चालत सात मिनिटं. रस्ता एकदाच ओलांडावा लागतो, तिथे सकाळी वाहतूक पोलीस असतो का ते माहीत नाही. कोणाला माहीत आहे?

सौ. ओवी
पोलिसाच्या भरवशावर राहू नका. शाळा भरायच्या वेळेला एक दिवस स्वतः त्या चौकात उभे राहा. बहुतेक चौकात आयाच हात करून गाड्या थांबवतात. त्यांतल्या एकीचा नंबर घ्या, तीच तुमची पहिली ओळख.

माथाडीपुत्र
वाईट वाटलं नाही, बरोबर केलंत. भाजीवाल्या मावशींना कळवतो. रविवारी घणसोलीत मटण घ्यायला या, आमचा खाटीक सांगलीकडचा आहे, चरबी बघून देतो.

सात_बावन्न
अभिनंदन. मी लिहितोय तेव्हा मुंब्र्यात उभा आहे. गाडी थांबली आहे. का ते सांगत नाहीयेत.

कृष्णाकाठ
@माथाडीपुत्र, नक्की येतो.
@सात_बावन्न, पोचलात की लिहा.

शेवटचा प्रश्न. सेक्टरवासींचे डास मी बघितले. खिडक्यांना मापाने जाळी कोण करून देतं ऐरोलीत? आधी जाळी, मग सामान असं आईने सांगितलंय.

सेक्टरवासी
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. सरकती घ्या, चिकटपट्टीची घेऊ नका, पहिल्याच पावसात निघते.

सात_बावन्न
पोचलो. १०.५०.